एपिस्टो माशाची मादी अंड्यांवर बसलीये, खात नाही, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी. औषध आत्ताच टाकू का?

शेवाळकर_नव्हे
नमस्कार मंडळी, 60 लिटरचा टँक आहे, त्यात कॅकाटुऑइडिस जातीच्या एपिस्टोची (छोटा सिक्लिड मासा) जोडी, स्पंज फिल्टर, तापमान 27, पीएच 6.4, अमोनिया नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट 10 च्या आसपास. मादीने गुहेत छताला अंडी दिलीत आणि तेव्हापासून ती बाहेरच येत नाही, खायला टाकलं तरी बघत नाही, आणि काल तिच्या मागे पांढरा लांब दोरा लोंबताना दिसला. नर वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभा, पंख मिटलेले, शेपटी फाटकी, रंग उडालेला. दुकानदार म्हणतो जंताचं औषध, अँटिबायोटिक आणि मीठ तिन्ही एकदम टाका. अंड्यांचं काय होईल या विचाराने हात थांबलाय. हेक्सामिटाच (आतड्यातला परजीवी) असेल ना हे?

करवंटीवाला
थांबा थांबा, काहीही टाकू नका आधी. मादीचा रंग कसा आहे ते लिहिलंच नाहीत, सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. पिवळीधमक आणि अंगावर काळे डाग ठळक असतील तर ती आजारी नाही, ती ड्युटीवर आहे. अंडी राखणारी मादी खाणं कमीच करते आणि आतडं रिकामं असलं की नुसता चिकट पदार्थ बाहेर येतो, तो पांढराच दिसणार. पांढरी विष्ठा म्हणजे हेक्सामिटा हे समीकरण लोकांनी इतकं पक्कं केलंय की अर्धे मासे उपाशी असल्याबद्दल औषध खातात.

टेस्ट सोपी आहे. ड्रॉपरने दोन-तीन आर्टेमिया किंवा डॅफ्निया (खाद्य म्हणून देतात ते बारीक जीव) गुहेच्या तोंडाशी सोडा आणि हलू नका. तिने झडप घालून गिळलं आणि परत आत गेली तर विषय संपला. तोंडात घेतलं, चघळलं, थुंकलं, परत घेतलं, परत थुंकलं असं चाललं असेल तर मात्र आतड्यात गडबड आहे. सोबत पोट आत गेलेलं आणि डोक्यामागची पाठ धारदार दिसत असेल तर शंकाच नको.

नराचं मला जास्त वाईट वाटतंय. 60 लिटरमध्ये राखणदार मादीपासून पळून जायला जागाच नसते, ती त्याला फाडते अक्षरशः. त्याला आजच वेगळा काढा.

गिल_बघा_आधी
+1 नर वेगळा करा. आणि काढलात की टॉर्च तिरका धरून अंगावर मारा, सोनेरी धूळ उडवल्यासारखं दिसलं तर वेल्वेट, म्हणजे कातडीवरचा परजीवी. एकच कल्ला हलतोय, दुसरा दाबून धरलाय, दगडाला अंग घासतोय तर गिल फ्लूक, म्हणजे कल्ल्यातले बारीक कृमी. शेपटीच्या फाटलेल्या कडेला पांढरट-करडी किनार येऊन ती तासातासाला आत सरकत असेल तर कॉलमनॅरिस, त्याला लोक बुरशी समजतात पण तो बॅक्टेरिया आहे.

तापलेला_हीटर
माझं मत, तापमान 32 करा, रॅम (हाही छोटा सिक्लिड) आणि एपिस्टोंचे निम्मे आजार उष्णतेनेच जातात.

करवंटीवाला
अहो दादा, पांढरे ठिपके म्हणजे इक असेल तर ठीक, तेही एअर स्टोन लावून. निदान न करता नको. तापमान वाढलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि कॉलमनॅरिस असेल तर तो उष्णतेत जास्तच भडकतो, तिथे उलट तापमान खाली आणायचं असतं. शिवाय एपिस्टोच्या पिल्लांत नर-मादीचं प्रमाण तापमानावर हलतं, गरम पाण्यात नरच जास्त निघतात, मग बसा नुसते नर वाढवत.

शेवाळकर_नव्हे
अपडेट देतो. मादी पिवळीच आहे, आर्टेमिया गपकन गिळून आत गेली. नराला 20 लिटरच्या डब्यात हलवला, फिल्टरमधलाच एक स्पंज दिलाय. शेपटीला पांढरी किनार नाही, अंगावर धूळ नाही, दोन्ही कल्ले चालतात. पण तो खाणं तोंडात घेतो आणि थुंकतो, तुम्ही म्हणालात तस्संच. पोट आत, त्याचीही विष्ठा पांढरी. म्हणजे पेशंट हा निघाला??

करवंटीवाला
हो, आणि मार खाऊन खाऊन दबलेल्या माशात हे नेहमी होतं. हेक्सामिटासारखे फ्लॅजेलेट (सूक्ष्म परजीवी) आतड्यात थोडे असतातच, मासा ताणाखाली आला की फोफावतात. आता त्यांच्यावरचं औषध मेट्रोनिडाझोल, फक्त त्या डब्यात, मोठ्या टँकला हात नाही. तो गिळत असेल तोवर खाण्यातून द्या, 100 ग्रॅम खाण्याला 1 ग्रॅम या हिशेबाने जिलेटिनमध्ये कालवून, सलग पाच ते सात दिवस. पाण्यातलं औषध आतड्यापर्यंत कमीच पोचतं, पण अजिबात गिळत नसेल तर तोच मार्ग, 250 मिलिग्रॅम 40 लिटरला, म्हणजे तुमच्या 20 लिटरच्या डब्याला 125 मिलिग्रॅम, एक दिवसाआड पाणी बदलून परत. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढा. मीठ नको, मऊ पाण्यातला मासा आहे तो.

गिल_बघा_आधी
एक बारीक गोष्ट, नर स्थिर उभा असताना गुदद्वाराकडे बघा. लाल केसासारखी टोकं बाहेर दिसली आणि हलला की आत गेली तर ते कॅमलॅनस जंत, मेट्रोनिडाझोलने त्यांना काही होत नाही. तिथे लेव्हामिसोल हे जंताचं औषध, लिटरला 2 मिलिग्रॅम, लाइट बंद, 24 तासांनी तळ सायफन करून मोठा वॉटर चेंज, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत. कॅमलॅनस सोबतच्या माशांतही पसरतात, त्यामुळे ते निघाले तर मादीचा टँकही धरावा लागेल.

शेवाळकर_नव्हे
लाल काही नाही, बराच वेळ बघत बसलो. पण तीन-चार अंडी पांढरी पडलीत, मेथिलिन ब्लू (बुरशीवरचं औषध) टाकू का टँकमध्ये?

करवंटीवाला
नको, फिल्टरचे बॅक्टेरिया मारून बसाल. न फळलेली अंडी आधी पांढरी होतात आणि मग त्यांच्यावर बुरशी चढते, मादी ती स्वतः वेचून खाते. ब्लू तेव्हाच, जेव्हा अंडी मादीविना वेगळ्या डब्यात काढलेली असतात. पिल्लं पोहायला लागली की बेबी ब्राइन (नुकती निघालेली आर्टेमिया) थोडं थोडं दिवसातून तीन-चारदा, उरलेलं तळाचं बारीक नळीने ओढून घ्या. पिल्लं बहुतेक वेळा आजाराने मरत नाहीत, कुजलेल्या खाण्याने मरतात. आणि नर बरा झाला तरी पिल्लं मोठी होईपर्यंत त्या टँकमध्ये परत सोडू नका. त्याचं जाळं, नळी, बादली सगळं वेगळं ठेवा. पुढे नवा मासा आला की तो चार ते सहा आठवडे क्वारंटाइनला, कितीही टवटवीत दिसला तरी.

गिल_बघा_आधी
आणि औषधाच्या दोन फेऱ्या होऊनही नर सुकतच गेला, पाठ वाकडी व्हायला लागली तर फिश टीबीची शंका घ्या, त्याच्यापासून परत ब्रीड करू नका आणि हाताला जखम असताना त्या पाण्यात हात घालू नका, तो माणसाच्या कातडीलाही लागतो.

शेवाळकर_नव्हे
समजलं. जिलेटिनवालं खाणं आज बनवतोय, गिळलं की कळवतो.