वाइड लेन्सचं डिस्टॉर्शन: काढायचं की राहू द्यायचं?

वाडेवेडा: "लेन्स करेक्शनवर (लेन्समुळे वाकलेल्या रेषा सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या सोयीवर) टिक करावी लागली म्हणजे फोटो चुकला," असं परवा एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी मला सुनावलं. हे सोवळं मला पटत नाही. कॅननच्या आरएफ १६ एमएम एफ/२.८ या वाइड लेन्सची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) करेक्शनशिवाय उघडून बघा, दाराची चौकट मधोमध बाहेर फुगलेली दिसते. कॅमेऱ्यातल्या जेपेगमध्ये तीच चौकट सरळ! लेन्स लहान आणि परवडणारी ठेवायची म्हणून उरलेलं काम सॉफ्टवेअरवर सोपवलंय. मग ते बंद ठेवून कसली शुद्धता जपायची?

मांडववाला: इमारतींपुरतं मान्य. लग्नात मात्र मी करेक्शन बंदच ठेवतो. कार्यालयात स्टेजपुढे सोफे, त्यामागे खुर्च्या, मागे सरकणार कुठे? २४ एमएमवर (आकडा लहान, तितकी लेन्स वाइड) दोन्हीकडची मंडळी बसवायची आणि टोकाला नेमकी नवरीची आत्या. बॅरल, म्हणजे हा बाहेरचा फुगवटा, सरळ करताना सॉफ्टवेअर कोपरे बाहेर ओढतं, म्हणजे आत्या आणखी रुंद. पडद्याची कड वाकडी राहिली तर कोणी विचारत नाही. आत्या विचारतात.

जुना_रोल: माणसं अर्धगोलात उभी करा ना. सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आले की कडेचं ताणलं जाणं संपलं. रोलच्या काळात आम्ही हेच करायचो, तेव्हा 'नंतर बघू' म्हणायची सोयच नव्हती.

वाडेवेडा: नाही संपत, काका. फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ एमएम रोलएवढ्या सेन्सरच्या) अगदी डाव्या-उजव्या कडेला डोकं आलं तर उंचीच्या मानाने ते २४ एमएमवर १.२५ पट रुंद दिसतं, १६ वर दीडपट, ३५ वर साधारण १.१२ पट. हे अंतरावर नाही, कोनावर ठरतं, आणि लेन्स बिनचूक असली तरी होतं. सपाट सेन्सरवर सरळ रेषा सरळच उमटवायच्या तर गोल वस्तू कडेला ताणली जाणारच. अर्धगोलात टोकाची माणसं सेन्सरच्या पातळीला जवळ येतात, म्हणजे रुंदीचं प्रमाण तेच आणि वर आकारानेही मोठी! त्यापेक्षा रांगा वाढवा, कडेला जागा सोडा.

जुना_रोल: आकडे खरे असतील. पण रांगा वाढवायला पायऱ्या लागतात, नाहीतर मागच्यांचे नुसते फेटे येतात.

मांडववाला: डीएक्सओ व्ह्यूपॉइंट या सॉफ्टवेअरमध्ये कडेचे चेहरे सावरायची वेगळी सोय आहे. आत्या खूश होतात, पण मागचे खांब वाकतात. दोन्ही एकदम मिळत नाही.

चौथा_मजला: चेहऱ्यांत अडकलात सगळे. मी फ्लॅटच्या जाहिरातींचे फोटो काढतो. तिथे उभी रेष म्हणजे उभीच, झुकती भिंत बिल्डर परत पाठवतो. कॅमेरा वर केला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते, तो लेन्सचा दोष नाही, ५० एमएमवरही होतो. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करा आणि मोकळे व्हा.

वाडेवेडा: इथे मात्र माझा विरोध. सीएसएमटी समोरच्या फुटपाथवरून वर बघून काढा आणि शंभर टक्के सरळ करा. मधला घुमट उभा ताणलेला दिसतो, त्यावरचा प्रगतीचा पुतळा लांबुळका होतो आणि बारकावे मऊ पडतात. मान वर करून बघणाऱ्याला थोडा झोक अपेक्षितच असतो, मी तो ठेवतो.

चौथा_मजला: मऊ पडतात कारण कॅमेरा वर केलात. लेव्हलमध्ये धरा, १६ ने काढा, खालचा रस्ता कापून टाका. कॅननची १७ एमएमची टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न झुकवता नुसती लेन्स सरकवता येते अशी) वर सरकवून जे साधतं, तेच हे. फक्त मेगापिक्सेल जातात.

वाडेवेडा: मऊपणा जाईल, कबूल. पण उभं राहण्याची जागा तीच असेल तर पुतळा लांबुळकाच येणार, टिल्ट-शिफ्ट लावा नाहीतर क्रॉप करा. बिल्डरला चालेल. मला नाही चालत.