इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटवर क्लोन हीरो: किक मारली की निळा टॉमही लागतो, स्नेअर दोनदा मोजला जातो

ठोकाठोकी

गेम क्लोन हीरो (पडद्यावर उतरणाऱ्या नोटा तालात वाजवायचा गेम), पीसीवर. सेट साधा इलेक्ट्रॉनिक आहे: जाळीचा स्नेअर, तीन टॉम, हाय-हॅट, एक क्रॅश, एक राइड आणि टॉवरवाला किक. मॉड्यूल (पॅडचे फटके ओळखून आवाज काढणारा डबा) यूएसबी केबलने थेट पीसीला जोडलेलं. प्रो ड्रम्स (टॉम आणि झांजा वेगळ्या धरणारा मोड), एक्सपर्ट पातळी. नुसत्या मॉड्यूलवर वाजवलं तर नाव ठेवायला जागा नाही, पण गेम लावला की पुढचे घोळ होतात:

१. किक जोरात बसली की मधूनच निळा टॉमही लागल्याची नोंद होते आणि कॉम्बो (न चुकलेल्या नोटांची साखळी) तुटतो.
२. स्नेअरवर सलग सिक्स्टीन्थ (एका ठोक्यात चार नोटा) आल्या की एका फटक्याचे दोन धरले जातात.
३. हाय-हॅट कधी लागतो, कधी नाही. बंद करून काठावर मारला तर गेमला पत्ताच नसतो.
४. सगळं किंचित उशिरा वाटतं. पडदा म्हणून टीव्ही, कानाला ब्लूटूथ हेडफोन.
५. काही गाण्यांत टॉमचा रोल स्वच्छ ऐकू येतो, पण पडद्यावर त्या जागी नुसत्या झांजा उतरतात.

सेट बिघडलाय, की सेटिंग चुकलंय?

फ्लोअरटॉम४३

सेट ठीक आहे. १ आणि २ हे दोन्ही घोळ मॉड्यूलवर वाजवतानाही होतच असतात, फक्त ऐकू येत नाहीत. किकच्या धक्क्याने निळ्या टॉमवर १२७ पैकी ५-६ जोराची नोट उमटली तर आवाज इतका बारीक असतो की किकखाली दबून जातो. गेमला आवाजाशी देणंघेणं नाही. नोट आली की आली, मग ती ५ जोराची असो वा १२० ची. जादा आली की ओव्हरहिट (नोट नसताना मारलेला फटका), आणि कॉम्बो शून्यावर.

म्हणून आधी काय येतंय ते डोळ्यांनी बघा. विंडोजवर मिडी-ऑक्स (सेटकडून येणारे मिडी संदेश, म्हणजे नोटेचा नंबर आणि जोर, ओळीने दाखवणारा मॉनिटर प्रोग्राम) चालवा, गेम बंद ठेवा आणि एकेक पॅड दहा-दहा वेळा मारा. वाचताना दोन ठिकाणी फसायला होतं. एक, प्रत्येक फटक्यामागे शून्य जोराची किंवा 'नोट ऑफ'ची ओळ येते, तो दुसरा फटका नव्हे. दोन, मिडी-ऑक्स आकडे हेक्समध्ये (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजून) दाखवतं. स्नेअर मारल्यावर २६ दिसलं तर ते आपलं नेहमीचं ३८ आहे. किक ३६, ती २४ म्हणून दिसेल. अनेक सेटमध्ये उघड्या हाय-हॅटच्या काठाचा दशमान नंबर खरोखरच २६ असतो, त्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो.

आता किक आणि निळा टॉम. धक्का रॅकच्या (पॅड लावलेल्या सांगाड्याच्या) नळीतून प्रवास करतो, त्यामुळे मेनूत शिरण्याआधी हात घाला. किकचा टॉवर किंवा पेडल रॅकच्या पायाला टेकलंय का बघा. टेकलं असेल तर दोन बोटं अंतर ठेवा. टॉमचा क्लॅम्प आवळा, ढिला क्लॅम्प फटक्यानंतर थरथरत राहतो. किकची केबल नळीला ताणून बांधलेली नको. एवढ्यानेच बऱ्याचदा निम्मं काम होतं.

मग मॉड्यूलच्या ट्रिगर मेनूत निळ्या टॉमचा थ्रेशोल्ड (फटका धरायला लागणारा किमान जोर) एकेक पायरीने वाढवा. प्रत्येक पायरीला किक वीस वेळा दणकून मारा आणि मिडी-ऑक्समध्ये टॉमची ओळ येते का ते बघा. येणं थांबलं की तिथेच थांबा, आणि टॉमवर हलका फटका अजून लागतोय याची खात्री करा. त्याउपर उरलं तरच क्रॉसटॉक (काही मॉड्यूलवर एक्सटॉक; एक पॅड लागताच दुसऱ्याची नोंद दाबणारं सेटिंग) वाढवा. हा क्रम उलटा करू नका. थ्रेशोल्ड फक्त क्षीण फटके गाळतो. क्रॉसटॉक जास्त ठेवला तर किक आणि टॉम खरोखर एकदम मारल्यावरही टॉम गिळला जातो, आणि किक-टॉम एकत्र येणं हे चार्टमध्ये (गाण्याच्या नोटा लिहिलेल्या फाइलमध्ये) पदोपदी असतं. तेव्हा 'पॅड लागत नाही' असा नवाच घोळ उभा राहतो, त्याचं मूळ सापडायला वेळ लागतो.

स्नेअर दोनदा लागण्यावर उपाय मास्क टाइम किंवा रीट्रिगर, मॉड्यूल काय नाव देईल ते. एका फटक्यानंतर किती मिलिसेकंद पॅड बहिरं राहील, तो हा आकडा. भीती अशी की जास्त ठेवला तर वेगवान रोल गळेल. हिशेब करून बघा: २०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) दोन सिक्स्टीन्थमधलं अंतर ६०,००० भागिले २०० भागिले ४, म्हणजे ७५ मिलिसेकंद. १५० बीपीएमचा थर्टीसेकंडचा (एका ठोक्यात आठ नोटा) रोल घेतला तरी ५० मिलिसेकंद. मास्क टाइम २० ते २५ ठेवला तर खरा फटका गळण्याचा प्रश्नच येत नाही. फ्लॅमची (दोन हातांचे जवळजवळ एकदम पडणारे फटके) काळजी नको. रॉक बँड या जुन्या गेमच्या धाटणीच्या चार्टमध्ये फ्लॅम लाल आणि पिवळा एकत्र असा लिहितात, एकाच पॅडवर दोन नव्हे.

जाळी ढिली असेल तर ती फटक्यानंतर जास्त वेळ हलते, दुसरी नोंद तिथूनच येते. चावीने समोरासमोरचे स्क्रू जोडीने, पाव-पाव फेरा आवळा. सेन्सरचा शंकू मधोमध असेल तर बरोबर केंद्रावर मारू नका, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला मारा. केंद्रावर जोर अवाच्या सवा नोंदला जातो आणि शंकूही लवकर दबतो.

किकवर बीटर पॅडवर दाबून ठेवायची सवय असेल तर तोही उसळून दुसरी नोट देतो. किकचा मास्क टाइम स्नेअरपेक्षा थोडा जास्त चालतो, ३०-३५ पर्यंत.

झांज_उघडीच

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर मॅपिंगमध्ये (कोणता नोट नंबर गेममधल्या कोणत्या रंगाच्या लेनला जोडायचा त्यात) आहे. हाय-हॅट हा एक पॅड दिसतो, पण चार-पाच नंबर पाठवतो. रोलँडच्या पद्धतीत बंद मध्यभाग ४२, बंद काठ २२, उघडा मध्यभाग ४६, उघडा काठ २६. तुम्ही मॅपिंग करताना एकदाच मधोमध मारला असणार, त्यामुळे गेमला ४२ किंवा ४६ एवढंच माहीत आहे. चारही नंबर पिवळ्या झांजेला जोडा. एका लेनला अनेक नोटा जोडता येतात.

बाकीचे, त्याच पद्धतीने:

लाल (स्नेअर): ३८, रिमचा ४०, क्रॉसस्टिक (काडी आडवी ठेवून रिमवर मारणं) ३७
पिवळा टॉम: ४८, रिम ५०
निळा टॉम: ४५, रिम ४७
हिरवा टॉम: ४३, रिम ५८
निळी झांज (राइड): ५१, काठ ५९, बेल ५३
हिरवी झांज (क्रॅश): ४९, काठ ५५, दुसरा क्रॅश असेल तर ५७ आणि ५२
किक: ३६

दुसऱ्या बनावटीच्या मॉड्यूलवर काठ आणि रिमचे नंबर वेगळे असू शकतात, तेव्हा ही यादी डोळे मिटून उतरवू नका. प्रत्येक पॅड मध्ये, काठावर, रिमवर मारून मॉनिटरमध्ये पडताळा.

४४ हा हाय-हॅटच्या पेडलचा, पाय झटकन दाबल्यावर येणारा नंबर. तो पिवळ्याला जोडलात तर पायाने ठेका धरताच ओव्हरहिट पडत राहतील. तो मोकळा सोडा, किंवा डबल किकच्या गाण्यांसाठी किकला जोडा. दुसरं पेडल घ्यायची गरज पडत नाही, फक्त पाय सावकाश दाबला तर ४४ येतच नाही, टाच उचलून ठोकावं लागतं. वेगवान डबल किकसाठी हा जुगाड अपुरा आहे. मध्यम वेगापर्यंत ठीक.

आणि एक: मिडी मॉनिटर किंवा रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडं असताना गेम सुरू करू नका. विंडोजच्या बऱ्याच मिडी ड्रायव्हरना एका वेळी एकच प्रोग्राम चालतो. पहिल्याने पोर्ट धरला की दुसऱ्याला सेट दिसतच नाही, आणि माणूस केबल बदलत बसतो.

ठोकाठोकी

हाय-हॅट सुटला, २२ आणि २६ जोडलेच नव्हते. निळ्या टॉमचा थ्रेशोल्ड तीन पायऱ्या वर नेला, टॉवर रॅकपासून सरकवला, आता किकसोबत टॉमची भुताटकी नोंद येत नाही. स्नेअर मास्क २०. उशिराचं मात्र तसंच आहे. गेममधलं कॅलिब्रेशन (आवाज-चित्राचा उशीर मोजून भरून काढणं) तीनदा केलं, दर वेळी वेगळा आकडा.

मिलिसेकंद

ब्लूटूथ काढा. दर वेळी वेगळा आकडा येण्याचं पहिलं संशयित तेच आहे. साध्या ब्लूटूथ हेडफोनवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, आणि हे मागे पडणं जोडणीगणिक थोडं बदलतं. स्थिर उशीर कॅलिब्रेशनने भरून निघतो, हलता निघत नाही.

सोपी रचना अशी: पीसीच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमी स्टिरिओ केबल मॉड्यूलच्या ऑक्स इनला, आणि तारेचे हेडफोन मॉड्यूलला. गाणं आणि स्वतःचे फटके एकाच ठिकाणी ऐकू येतात, फटक्याचा आवाज तर मॉड्यूलमधून लगेच. मिडीला दोष देण्यात अर्थ नाही: जुन्या पाच पिनांच्या केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका नोटेला ३० बिट लागतात, म्हणजे जेमतेम १ मिलिसेकंद. ६० हर्ट्झच्या पडद्यावरची एकच फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. उशीर शोधायचा तो आवाजाच्या आणि चित्राच्या वाटेवर.

टीव्हीवर गेम मोड चालू करा. चित्र सुधारण्याची जी काही प्रक्रिया आहे, हालचाल गुळगुळीत करणं वगैरे, सगळी बंद. हे कॅलिब्रेशनच्या *आधी* करायचं, कारण मोड बदलला की जुना आकडा बाद.

मग कॅलिब्रेशन. आवाजाचा आणि चित्राचा असे दोन आकडे वेगळे असतात, ते एका दमात काढू नका. आवाजाची चाचणी करताना पडद्याकडे बघूच नका, ठोका कानाने धरा. चित्राची करताना आवाज पूर्ण बंद. दोन्ही वेळा स्नेअरवर, एकाच हाताने मारा. कीबोर्डवर केलेलं कॅलिब्रेशन ड्रमला लागू पडेलच असं नाही, कारण मॉड्यूल फटका ओळखायलाही काही मिलिसेकंद घेतं.

पडताळणीसाठी फक्त किक-स्नेअरचं संथ गाणं लावा. कानाला बरोबर बसलेले फटके गळत असतील तर आवाजाचा आकडा हलवा, आधी १० च्या पायरीने, मग ५ च्या. फटके सगळे लागतायत पण नोट रेषेच्या अलीकडे किंवा पलीकडे फुटताना दिसते, तर चित्राचा. दोन्ही आकडे एकदम हलवलेत तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

टॉममार्कर

पाचव्या मुद्द्याचं, टॉमच्या जागी झांजा उतरण्याचं, कोणी बोललं नाही. तो सेटचा दोष नव्हे, चार्टचा.

मिडी फाइलच्या चार्टमध्ये २०१० च्या रॉक बँड ३ पासूनची रीत अशी आहे की प्रो मोडमध्ये पिवळी, निळी, हिरवी नोट मुळात झांज असते. टॉम हवा तिथे वेगळी खूण टाकावी लागते: पिवळ्यासाठी ११०, निळ्यासाठी १११, हिरव्यासाठी ११२. चार्ट करणाऱ्याने त्या खुणा टाकल्याच नाहीत, पण गाण्याच्या फोल्डरमधल्या साँग डॉट आयएनआय फाइलमध्ये प्रो ड्रम्सची ओळ 'ट्रू' लिहून ठेवली, की अख्ख्या गाण्यात झांजाच झांजा.

डॉट चार्ट फाइलमध्ये रीत नेमकी उलटी. तिथे नोट मुळात टॉम, आणि झांजेला खूण: ६६ पिवळी, ६७ निळी, ६८ हिरवी. त्यामुळे एका प्रकारातून दुसऱ्यात घाईने फिरवलेल्या चार्टमध्ये हाय-हॅटच्या जागी टॉम, असा उलटा नमुनाही भेटतो.

तात्पुरता उपाय: आयएनआयमधली प्रो ड्रम्सची ओळ काढा, गेममध्ये गाणी पुन्हा स्कॅन करा. गाणं साध्या चार लेनचं होईल, मग निळ्यावर टॉम मारा नाहीतर राइड. कायमचा उपाय चार्ट मूनस्क्रेपर या चार्ट-एडिटरमध्ये उघडून खुणा टाकणं. तीन-चार मिनिटांच्या गाण्याला फार वेळ लागत नाही, कारण टॉम बहुधा रोलमध्येच असतात. मूळ फाइलची प्रत आधी ठेवा. आणि एक निळी क्रॅश दिसली तर ती चूक समजून बदलू नका. दोन क्रॅशच्या गाण्यात एक क्रॅश मुद्दाम निळ्यावर लिहितात.

रबरी_पॅड

याच धाग्यात विचारतो: रॉक बँडचा जुना प्लास्टिकचा सेट आहे, चार पॅड आणि किक पेडल. त्याला ट्रिगर मेनूच नाही. वेगात किक गळते.

फ्लोअरटॉम४३

त्या पेडलमध्ये दाबसंवेदक नसतो, चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालणारा स्विच) असतो. पाय पूर्ण वर आला नाही तर स्विच मोकळा होत नाही आणि पुढची किक मोजलीच जात नाही. वेगात नेमकं हेच होतं, म्हणून आधी टाच टेकवून न वाजवता पाय थोडा जास्त उचलून बघा.

तरी गळत असेल तर पेडलचा ३.५ मिमी प्लग काढा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली आहे का ते दाखवणाऱ्या मोडवर) ठेवून टोक आणि मागची नळी यांना लावा. पेडल सावकाश दाबा-सोडा. दर वेळी अवस्था स्वच्छ बदलली पाहिजे. मध्येच फडफडली तर चुंबक जागेवरून सरकलाय किंवा स्प्रिंग मऊ पडलीय. पेडल न हलवता केबल वाकवल्यावर बदलत असेल तर तार तुटलीय, नवा प्लग डागून टाका.

पायाच्या पट्टीखाली भेग पडलीय का तेही बघा, प्लास्टिक मधोमध वाकलं की चुंबक स्विचपर्यंत पोचत नाही. पट्टीखाली दोन-तीन मिमी जाडीची धातूची पट्टी स्क्रूने बसवा, पण लोखंडी नको, ॲल्युमिनियमची. लोखंड चुंबकाच्या कामात ढवळाढवळ करतं.

पीसीला लावताना: प्लेस्टेशन ३ च्या बिनतारी सेटला त्याचाच यूएसबी डोंगल लागतो, दुसऱ्या सेटचा चालत नाही. एक्सबॉक्स ३६० च्या बिनतारी सेटला पीसीसाठीचा वेगळा रिसीव्हर लागतो.