इंडक्शनमध्ये सिद्ध करायचं तेच गृहीत धरतो, मग ही फसवणूक नाही का?

डिप्लोमावाला

डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर कॉम्प्युटरला आलोय. तिसऱ्या सेमला डिस्क्रीट मॅथ्स आहे. सेट, व्हेन आकृत्या, ट्रुथ टेबल इथपर्यंत गाडी नीट चालली, इंडक्शनला येऊन अडली (पहिल्या संख्येला विधान तपासायचं, तो पाया; मग के ला खरं असेल तर के + १ लाही होतं हे दाखवायचं, ती पायरी). (आईला सांगितलं इंडक्शन जमत नाहीये, तर म्हणाली, भांडं खालून सपाट आहे का बघ.)

टेस्टमधलं गणित असं होतं: एन ५ किंवा त्याहून मोठा असेल तर २ चा एनवा घात एनच्या वर्गाहून मोठा असतो, सिद्ध करा. मी एन = १ ला तपासलं. २ हे १ पेक्षा मोठे, बरोबर. मग 'के साठी खरं मानू' वगैरे नेहमीचं. १० पैकी २ मार्क, शेरा 'पाया चुकला'. अहो, पण १ ला विधान खरंच आहे की! सरांना विचारलं तर म्हणाले, प्रश्नात ५ दिलंय ना, मग ५ पासून सुरू कर.

पण ५च का? आणि 'के साठी खरं मानू' म्हणजे जे दाखवायचं तेच आधी मान्य करून टाकलं ना? तीन पायऱ्या घोकून पेपरात उतरवता येतील, पण डोकं शांत होत नाही.

गल्ल्यावरचा

सगळ्या एनसाठी खरं आहे असं तू मानतच नाहीस. कुठल्या तरी एका के ला खरं असलं तर के + १ ला होईल का, एवढंच विचारतोस. नाण्यांवर सांगतो.

साठच्या दशकाच्या शेवटी आमचं किराणा दुकान होतं आणि शाळेतून आलो की गल्ल्यावर मी. तेव्हा तीन पैशांचं नाणं असायचं, ॲल्युमिनियमचं, षट्कोनी, फुंकर मारली तर उडेल इतकं हलकं. पाच पैशांचं चौकोनी, कोपरे गोल. (२५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली.) समज, गल्ल्यात फक्त ३ आणि ५ ची नाणी आहेत, हवी तेवढी. माझं म्हणणं, ८ पैशांपासून पुढची कुठलीही रक्कम देता येते.

८ म्हणजे ३ आणि ५. आता एक पैसा वाढवायचाय. हातात ५ चं नाणं असेल तर ते गल्ल्यात टाक आणि ३ ची दोन उचल. ५ गेले, ६ आले. ५ चं एकही नसेल तर हातात सगळी ३ चीच आहेत, आणि रक्कम निदान ८, म्हणजे ती कमीत कमी तीन असणारच. ती तीन टाक, ५ ची दोन उचल. ९ गेले, १० आले. कागदावर करून बघ: ३-५, मग ३-३-३, ५-५, ५-३-३, ३-३-३-३, ५-५-३. कधीच अडणार नाही. 'के साठी खरं मानू' म्हणजे के पैसे हातात आहेत. सिद्ध करायची ती ही अदलाबदल.

आता ६ पासून सुरू कर. ६ होतात, ३-३. पाया खरा. पण हातात ५ चं नाही आणि ३ ची तीनही नाहीत. अडलास. ७ पैसे काही केल्या होत नाहीत. तुझी १ वाली गत हीच. तुझ्या गणितात अदलाबदल कुठून चालते ते तूच काढ, मी सांगणार नाही.

सेमीकोलन

काकांचं वाचलंच आहेस, तर उलटी बाजूही बघ. विधान घे: एन = एन + १. समजा के = के + १. दोन्हीकडे १ मिळव, के + १ = के + २. पायरीत शोधूनही चूक सापडणार नाही, आणि विधान एकाही संख्येला खरं नाही. पाया लिहायला गेलास की लगेच पितळ उघडं पडतं.

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, येत असेल ना? फॅक्टोरियलमध्ये (१ पासून एनपर्यंतचा गुणाकार) एन उणे १ चं उत्तर बरोबर येईल असं धरूनच एनचं लिहितोस, तेव्हा फसवणूक वाटत नाही. बेस केस, म्हणजे जिथे थांबायचं ती अट, विसरलास तर स्टॅक (त्यासाठीची मेमरी) भरून प्रोग्रॅम झोपतो.

डिप्लोमावाला

काका, निघालं! २ चा के + १ वा घात हा २ गुणिले के-वर्गाहून मोठा येतो. तो के + १ च्या वर्गाहून मोठा ठरायला २ गुणिले के-वर्ग निदान तेवढा हवा. सगळं एका बाजूला आणलं तर के उणे १ चा वर्ग कमीत कमी २ हवा. के = २ ला तो १ येतो, नाही चालत. के = ३ ला ४, चालतो. म्हणजे पायरी ३ पासून आहे. पण ३ ला विधान बघितलं तर ८ आणि ९, खोटं. ४ ला १६ आणि १६, बरोबरी. ५ ला ३२ आणि २५. म्हणून ५!

माझा १ चा पाया खरा होता, पण तिथून २ वर जायला वाटच नव्हती. पेपरात त्या जागी मी 'के मोठा असल्यामुळे' असं लिहून सटकलो होतो, आता लाज वाटते. २ मार्क तरी कसे मिळाले कोण जाणे.

त्या तीन पैशांच्या नाण्याचा फोटो टाका ना. मी कधी पाहिलंच नाही.

गल्ल्यावरचा

शाब्बास. डबा माळ्यावर आहे, रविवारी मुलगी आली की काढून घेतो.