प्रतिसाद: गावाच्या मूळ घराण्याचं साल

गावाच्या मूळ घराण्यावरच्या लेखाला हे उत्तर. त्यातल्या महजरात (गावसभेच्या निवाड्याच्या जुन्या कागदात) मूळ पाटलांचं नाव 'सन सबैन मया व अलफ' असं साल घालून आलंय आणि लेखात ते इसवी सन 1760 चं मानलंय. इथेच गफलत आहे. अरबी शब्दांत लिहिलेला सन शुहूर असतो, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली, मृग नक्षत्राला (जूनच्या सुमारास) सुरू होणारी कालगणना. सबैन 70, मया 100, अलफ 1000, म्हणजे 1170. इसवी सनासाठी त्यात 599 मिळवा: 1769, आणि मृगानंतरचे महिने संपून जानेवारी लागला की 600. फसलीला (महसुली कामाच्या दुसऱ्या कालगणनेला) 590-591 लागतात; इथे तेच मिळवल्यानं 1760 येतं आणि 9 वर्षांची चूक पडते.

महजराच्या शेवटी सहीऐवजी काढलेल्या निशाण्याही (चिन्हंही) नीट पाहा! नांगर पाटलाचा. दोन नांगर असतील तर पाटीलकी विभागलेली असू शकते. मग 'मूळ घराणं' एकच धरू नका. पुणे पुराभिलेखागारात मोडी कागद जरूर शोधा.