मदत हवी आहे: लोहामुळे कार्बन डॉट्सची चमक कमी होते, पण नक्की कशामुळे?

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी पाण्यातलं लोह ओळखणारे कार्बन डॉट्स (प्रकाश दिला की चमकणारे, काही नॅनोमीटरचे कार्बनचे कण) बनवतेय. सायट्रिक ॲसिड आणि इथिलीनडायअमाइन, टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद, दाब सोसणाऱ्या भांड्यात) २०० अंश सेल्सिअसला ५ तास. अतिनील दिव्याखाली बाटली धरली की इतका सुंदर निळा उजेड दिसतो, की पहिल्या दिवशी मी कितीतरी वेळ बघतच बसले होते.

३६० नॅनोमीटरचा प्रकाश दिला की ४४५च्या आसपास उत्सर्जन मिळतं. फेरिक क्लोराइड (लोहाचा क्षार) घातलं की ते झपाट्याने उतरतं. गाइड म्हणतात, सेन्सर झाला, लिहायला घे. पण फेरिक आयन स्वतःच ३६०ला बराच प्रकाश शोषतो. मग डॉट्स खरंच विझतायत, की त्यांच्यापर्यंत प्रकाशच कमी पोचतोय? या शंकेचं उत्तर मिळाल्याशिवाय माझा हात लिहायला धजत नाही.

शोषणाचं मोजमाप घेऊन दुरुस्ती केली, तर निम्म्याहून जास्त घट नाहीशी होते. प्रतिदीप्तीचा आयुःकाल, म्हणजे प्रकाश दिल्यावर डॉट्सची चमक किती वेळ टिकते ते, मोजायची सोय आमच्याकडे नाही. तो बदलला नाही, तरी स्थिर क्वेंचिंग (लोह डॉट्सना आधीच चिकटून त्यांची चमक घालवतं ते) आणि हा शोषणाचा परिणाम वेगळे कसे काढायचे?

दुसरं म्हणजे, पीएच ७ला फेरिक हायड्रॉक्साइडचा गढूळपणा येतो. तुम्ही कोणत्या पीएचला काम करता? आणि डायलिसिसनंतर (लहान रेणू पडद्यातून बाहेर जाऊ देऊन डॉट्स शुद्ध केल्यावर) पडद्याबाहेरचं पाणीही निळं चमकतं. म्हणजे चमक डॉट्सची, की सुट्या रेणूंची? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा.