तुर्कस्तानच्या मशीनचा ॲडव्हान्स भलत्याच खात्यात गेलाय, परत मिळवायचा रस्ता काय?

बेदाणा_तासगाव
कुपवाड एमआयडीसीतल्या एका बेदाणा युनिटनं तुर्कस्तानातून कलर सॉर्टर (रंगानुसार बेदाणा निवडणारं मशीन) मागवला. 18,400 डॉलर ॲडव्हान्स ठरला. प्रोफॉर्मा (आगाऊ बिल) आल्यावर मेल आला: "आमच्या खात्याचं ऑडिट चाललंय, या नव्या खात्यावर पाठवा." गुरुवारी पैसे गेले. सोमवारी सप्लायर फोनवर म्हणतो, मिळालेच नाहीत. शाखेत म्हणतात, पेमेंट सक्सेसफुल आहे, आमच्या हातात काही नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार झालीय. इंटरपोलकडं थेट अर्ज करता येतो का?

फॉरेक्स_डेस्क
थेट नाही. आधी सांगा, ज्या खात्यावर पैसे पाठवले त्याच्या आयबॅनची (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची) पहिली दोन अक्षरं काय आहेत?

बेदाणा_तासगाव
जीबी.

फॉरेक्स_डेस्क
म्हणजे खातं ब्रिटनमधलं. तुर्की आयबॅन टीआरनं सुरू होतो आणि 26 अक्षरांचा असतो, ब्रिटनचा 22. पाठवायच्या आधी एवढं बघितलं असतं तरी थांबलं असतं. नाव सप्लायरचंच टाकलं होतं हा भरवसा धरू नका, परदेशातून आलेली रक्कम बऱ्याचदा आयबॅन बघूनच जमा होते.

सक्सेसफुल म्हणजे समोरच्या बँकेत पोचले, एवढंच. रिकॉल, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याचा संदेश, अजूनही टाकता येतो. शाखेत हुज्जत घालण्यात दिवस घालवू नका. बँकेच्या फॉरेक्स विभागाला आजच लेखी मेल करा. त्यात स्विफ्ट कॉपीवरचा (बँकेच्या पेमेंट संदेशाच्या प्रतीवरचा) 36 अक्षरी यूईटीआर (व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, तारीख आणि रिकॉलचं कारण 'एफआरएडी', म्हणजे फ्रॉड, टाका ही स्पष्ट मागणी हवी. सवयीनं 'सीयूएसटी' टाकलं जातं, म्हणजे ग्राहकाच्या विनंतीवरून. तसं आलं की तिकडची बँक खातेदाराची संमती मागत बसते, आणि ठग कशाला संमती देतोय? फ्रॉडचं कारण दिसलं तर प्रकरण त्यांच्या फ्रॉड डेस्ककडं जातं.

ती बँक इंडेम्निटीही (नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) मागू शकते. तुमच्या बँकेच्या कायदा विभागाकडून मसुदा आधीच मंजूर करून घ्या, नाहीतर गोठवलेले पैसे कागदासाठी लटकतात.

कलम_112
वरच्याला जोड. 1930 ची यंत्रणा मुख्यतः देशातल्या बँकांमध्ये पैसे अडवते, ब्रिटनच्या खात्यावर तिचा हात पोचत नाही. पोचपावती मात्र जपून ठेवा आणि सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात एफआयआर करा. तिथून मागणी अधीक्षक कार्यालय, राज्याचा इंटरपोल संपर्क अधिकारी आणि सीबीआय अशी जाते, कारण इंटरपोलसाठी भारताचं केंद्र सीबीआय आहे. जानेवारी 2025 पासून यासाठी भारतपोल पोर्टल आहे. अर्जात 'आय-ग्रिप' असं नाव घेऊन लिहा. पैसे वाटेत रोखण्याची ही इंटरपोलची सोय आहे.

चार दिवस झाले म्हणून हात टेकू नका. 2024 मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीचे 4.23 कोटी डॉलर अशाच बनावट मेलमुळं 19 जुलैला तिमोर-लेस्तेला गेले. 23 ला कळलं, तरी 3.9 कोटी तिथंच अडवता आले. अर्थात एवढ्या रकमेमागं यंत्रणा जशी धावते तशी 18 हजारांमागं धावेलच असं नाही, म्हणून पाठपुरावा तुम्हालाच करावा लागणार.

मेलचं नुसतं प्रिंटआउट पुरत नाही. मूळ मेल .ईएमएल फाइलमध्ये उतरवून घ्या, फॉरवर्ड केला की मूळ हेडर (मेल कुठून, कसा आला याची नोंद) जातात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) हॅशसह, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासह, जोडा.

बेदाणा_तासगाव
आणि कोर्टाची विनंती वगैरे?

कलम_112
ती नंतर. पोलीस-पोलीस किंवा एफआययू-एफआययू (दोन्ही देशांच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागांच्या) मार्गानं येते ती माहिती, तिकडच्या कोर्टात चालणारा पुरावा नव्हे. त्यासाठी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 112 खाली न्यायालयाचं विनंतीपत्र लागतं आणि ते गृहमंत्रालयामार्फत जातं. बऱ्याचदा वर्षं लागतात. खातं रिकामं झालं असेल तर पुढच्या खात्यांचा माग काढायला हाच रस्ता.

सीए_मिरज
एक राहिलंच. माल आला नाही तर आयडीपीएमएसमध्ये (आयातीच्या पेमेंटवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीत) ही रेमिटन्स बिल ऑफ एन्ट्रीशिवाय (माल आल्याच्या कस्टम्सच्या कागदाशिवाय) उघडी राहते आणि पुढच्या आयातीला अडचण येते. एफआयआर आणि रिकॉलच्या पत्रव्यवहाराच्या प्रती आत्ताच बँकेत देऊन पोच घ्या. थोडे पैसे परत आले तर त्याच मूळ व्यवहाराच्या नोंदीसमोर दाखवायला सांगा, नवीन इनवर्ड (परदेशातून आलेली नवी रक्कम) म्हणून नको.