उ: कोकणात लोकर विणून घालणार कुठे?

"कोकणात कसली आलीये थंडी?" असं वर कुणीतरी विचारलंय. जानेवारीत पहाटे दापोलीत येऊन बघा! पारा कधीकधी १० अंशांच्याही खाली उतरतो, उगीच नाही मिनी महाबळेश्वर म्हणत. आम्ही खाली हर्णैजवळ, इथे एवढा गारठा नसतो, हे मान्य. पण विणायला थंडी निमित्तापुरती पुरे.

जेवणं उरकली की मी पडवीत झोपाळ्यावर बसते. १० नंबरच्या सुया (सव्वातीन मिलिमीटर), मांडीवर भाचीच्या बाळाचं अर्धं टोपडं. झोपाळा कुरकुरतो, आत हे बातम्या लावून घोरत असतात. टाके मोजताना दिवसभराची कटकट कधी विसरते, कळतच नाही.

नवीन शिकणाऱ्यांनो, एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं की कडा गुंडाळतात. माझ्या पहिल्या मफलरची चक्क नळी झाली होती! दोन्ही कडांचे चार-पाच टाके प्रत्येक ओळीत सुलटच घ्या, बरंच आटोक्यात येतं. आणि लोखंडी सुया नकोत. खाऱ्या हवेत गंजतात, पांढऱ्या लोकरीवर तांबूस डाग पडतात. बांबूच्या बऱ्या.